निघतो, पण पोचत नाही

वर्षातले अकरा महिने आमच्या घराण्यात मला कोणी काही विचारत नाही. लोणच्यात मोहरी किती घालायची हे विचारायला थोरल्या चुलतबहिणी आहेत. पैसे कुठे गुंतवायचे हे विचारायला एक मेहुणे आहेत. त्यांचे स्वतःचे दोनदा बुडाले, तरी सगळे त्यांनाच विचारतात. पण दहावीचा निकाल लागला की महिनाभर माझा भाव वधारतो. कारण 1987 ते 2021 अशी चौतीस वर्षं मी एका कॉलेजच्या ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. कॉलेज पूर्व उपनगरातलं. नाव सांगत नाही. पेन्शनचा एखादा कागद अडला तर अजून तिथेच जावं लागतं.

2025 च्या मे महिन्यात बोरिवलीहून धाकट्या भावाचा फोन आला. ‘ताई, लेकीला ब्याण्णव पॉइंट चार मिळाले.’

मी मनापासून अभिनंदन केलं. पलीकडे शांतता. मग खालच्या आवाजात, ‘अगं, ब्याण्णवच गं.’ पोरीला कावीळ झाली असती तर याच सुरात सांगितलं असतं.

मी स्वतः 1979 ची दहावी. तेव्हा शेजारीपाजारी ‘फर्स्ट क्लास ना?’ एवढंच विचारायचे आणि हो म्हटलं की पेढा उचलून घरी जायचे. पॉइंटच्या पुढचा आकडा कोणाला माहीत नसे, बहुधा ज्याचा त्यालाही नसे. आता पॉइंटच्या अलीकडचं कोणी ऐकत नाही, पलीकडच्यावर सगळं ठरतं.

पुढच्या शनिवारी भाऊ, भावजय आणि भाची मुलुंडला आले. बोरिवलीहून मुलुंडला येणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. नकाशात दोन्ही गावं अगदी शेजारी आहेत, मधे फक्त राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. बिबट्याला रात्रीत जमत असेल. माणसाला दादरला गाडी बदलावी लागते. तर दादरला गाडी बदलून भाऊ आला तो लॅपटॉप घेऊनच. त्यात त्याने एक्सेलचा तक्ता केला होता. बेचाळीस कॉलेजं. गेल्या वर्षीची पहिल्या यादीची कट-ऑफ, दुसऱ्या यादीची, स्टेशनपासून चालत किती मिनिटं, फी, आणि शेवटच्या रकान्यात ‘रेप्युटेशन’, दहापैकी.

‘हे रेप्युटेशनचे मार्क कोणी दिले?’ मी विचारलं.

‘मी.’

‘आत गेला होतास कधी?’

‘आत नाही. रिक्षातून पाहिलंय.’

मी हसले नाही. खिडकीत बसणाऱ्या माणसाला न हसता ऐकायची सवय असते. शिवाय रिक्षातून बघून कॉलेज ठरवणारा तो काही पहिला नव्हे. मी कामाला लागले तेव्हा तर लोक भिंत बघून ठरवायचे. जूनच्या पावसात एकेका कॉलेजात जायचं, फॉर्म विकत घ्यायचा, भरायचा, झेरॉक्स जोडायच्या, पुन्हा रांगेत उभं राहून द्यायचा, आणि मग याद्या लागल्या की छत्री मिटून बोर्डाच्या जाळीवर बोट फिरवायचं. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी. एकेका मुलाचे आठ-आठ कॉलेजांत फॉर्म. ज्याचं नाव पाच ठिकाणी लागायचं तो चार जागा अडवून बसायचा आणि त्याच्या मागचे चौघे आमच्या खिडकीशी येऊन ‘काही होईल का हो?’ विचारायचे. काहींच्या हातात नगरसेवकांची चिठ्ठी असायची. त्या चिठ्ठ्यांची आमच्याकडे एक फाइल होती. तिच्यावर ‘विचाराधीन’ लिहिलेलं होतं. विचार कोणी करत नसे, पण फाइल नीट ठेवलेली होती.

मग 2008 पासून अकरावीच्या प्रवेशांची तीन वर्षं मजेची गेली. 2008 ला पर्सेंटाइलचं सूत्र आलं, ते हायकोर्टात पडलं. 2009 ला सरकारने एस.एस.सी.च्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा ठेवायचं ठरवलं, तेही हायकोर्टात पडलं. 2010 ला ‘बेस्ट फाइव्ह’ आलं, म्हणजे सगळ्यांत जास्त मार्कांचे पाचच विषय धरायचे. ते हायकोर्टात पडलं आणि सुप्रीम कोर्टात जाऊन उभं राहिलं. त्या काळात खिडकीवर येणाऱ्या बापांना पोरांच्या विषयांपेक्षा घटनेची कलमं जास्त पाठ असायची. त्यातच 2009 ला मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आणि जाळीचा बोर्ड रिकामा पडला. पुढे आम्ही त्यावर कॅन्टीनचे दर लावले. माझ्या शेवटच्या वर्षी, 2021 ला, करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लागला 99.95 टक्के. मग अकरावीसाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं, ती 10 ऑगस्टला हायकोर्टाने रद्द केली. मला निरोपाचा नारळ दिला तेव्हा प्राचार्य म्हणाले, बाई, तुमच्याबरोबर खिडकीचंही रिटायरमेंट. ते खरं नव्हतं. कॉम्प्युटर फॉर्म घेतो, पण मूळ कागद बघायला आणि ‘घाबरू नका’ म्हणायला कोणीतरी बसवावंच लागतं.

भाऊ म्हणाला, ‘ते सगळं ठीक आहे ताई. पण कॉलेज कोणतं?’

आता मी काय सांगते ते त्याला तेव्हा पटलं नाही, भावजयीला अर्धवट पटलं. मला जे कळलंय ते प्रॉस्पेक्टसमधून कळलेलं नाही, कन्सेशनच्या रजिस्टरातून कळलेलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लोकलचा पास सवलतीत काढायला विद्यार्थ्याला कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म लागतो. तो देताना आम्ही रजिस्टरात नोंद करायचो. नाव, वर्ग, कुठून, कुठे, मागचा पास कधी संपला, सही. हिरव्या कापडी पाठीचं लांबट रजिस्टर, वर्षाला दोन भरायची. त्यातला ‘कुठून’चा रकाना वाचत बसायला मला फार आवडायचं. ठाणे, कळवा, डोंबिवली, टिटवाळा, बदलापूर, हार्बरवरून कुर्ला बदलून येणारी गोवंडी-मानखुर्द. 2014 च्या 8 जूनला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरीची मुलंही आमच्याकडे यायला लागली. पूर्वी अंधेरी-घाटकोपर म्हणजे बसमध्ये बसून आयुष्याचा विचार करायचा प्रवास होता, तो वीसएक मिनिटांवर आला. पण मेट्रोला आमचा फॉर्म चालत नसे, म्हणून ही मुलं रजिस्टरात दिसायची नाहीत, नुसती वर्गात दिसायची.

तर, पहिलं लेक्चर सात वीसला. आसनगावहून येणारी एक मुलगी होती. सव्वापाचला घरातून निघायची. शिपाईमामा फाटक उघडायला यायचे तेव्हा ती पायरीवर बसून डब्यातली पोळी खात असायची. दोन वर्षांत ती एकदाही लेट मार्कला आली नाही. आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीला ज्याच्या बिल्डिंगची भिंत चिकटलेली होती, तो मुलगा रोज हजेरी झाल्यावर यायचा. त्याच्या घरात आमची घंटा ऐकू जायची. माझा अंदाज, ती ऐकूनच तो उठायचा.

म्हणून ‘जवळचं घ्या’ असा सल्ला मी देत नाही. ‘लांबचं घ्या’ असंही म्हणत नाही. ती आसनगावची मुलगी तिसऱ्या लेक्चरला लेडीज कॉमन रूममध्ये बाकावर आडवी झालेली मी कितीदा पाहिली आहे. अंतराची गंमत अशी की ते किलोमीटरवर नसतंच. उपनगरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बोरिवलीहून सकाळी अंधेरीला येणारी गाडी आणि अंधेरीहून त्याच वेळी बोरिवलीला जाणारी गाडी, अंतर सारखंच. पहिलीत उतरताना दप्तर आपलं आपल्याकडे आहे का हे तपासावं लागतं. दुसरीत बसून जर्नल पुरं करता येतं. विद्याविहारला फास्ट गाडी थांबत नाही, पार्ल्याला थांबत नाही. एक्सेलमध्ये ‘स्टेशनपासून चालत सहा मिनिटं’ लिहिलं तरी स्टेशनात उतरायला काय पडतं त्याला रकाना नाही.

हजेरीचं सांगते. कोणी म्हणेल, कारकून बाई, हजेरीशिवाय काय सांगणार! म्हणू दे.

नियम पंचाहत्तर टक्क्यांचा. त्याच्या खाली गेलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागते आणि पालकांना पत्र जातं. पत्र मिळालं की आया येतात. बाप येत नाहीत, ते फोन करतात. एका जानेवारीत एक बाई आल्या, कपाळावर घाम, हातात ते पत्र. मुलाची हजेरी अकरा टक्के. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचं काहीतरी चुकलंय. तो रोज सकाळी पावणेसातला घरातून निघतो. मी स्वतः डबा देते.’

मी मस्टर काढलं, तीन विषयांचं. बोट ठेवून दाखवलं. शेजारी बसणाऱ्या आमच्या मोरपंखी साडीतल्या सहकारी बाई एरवी बोलायच्या नाहीत. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘निघतो हो. पोचत नाही.’

पुढे ते वाक्य आमच्या ऑफिसची म्हणच झालं. बिलं निघतात, पोचत नाहीत. पगार निघतो, पोचत नाही. त्या बाई मात्र रडायला लागल्या. मी पाणी दिलं. मुलाला बोलावलं तर कळलं, तो वाईट संगतीत वगैरे काही नव्हता. पहिल्या आठवड्यात वर्गात काही कळलं नाही, कोणी ओळखीचं नव्हतं, विचारायची लाज वाटली. एक दिवस दांडी मारली. दुसऱ्या दिवशी त्या दांडीचं काय सांगायचं म्हणून मारली. तिसऱ्या दिवसापासून कारणच लागलं नाही. सकाळभर ठाणे ते सी.एस.टी. गाडीत बसायचा, डबा खायचा, परत यायचा. अकरा टक्के हजेरी कशी आली हे मला अजून कोडं आहे.

चौतीस वर्षांत नापास झालेली पोरं पाहिली, त्यांत बुद्धी कमी म्हणून बुडालेली बोटांवर मोजण्याएवढी. बाकीची सगळी न पोचलेली.

आता यात नवा प्रकार आलाय तो म्हणजे ‘इंटिग्रेटेड’. नाव कॉलेजात, मूल क्लासात. भावाच्या तक्त्यात अशी अकरा कॉलेजं होती आणि त्यांना रेप्युटेशनमध्ये नऊ-नऊ मार्क होते. पोरगी तिथे जाणार नाही म्हणून त्या कॉलेजला दहापैकी नऊ! 2018 मध्ये सरकारने सायन्सच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली, तेव्हा आमच्याकडेही यंत्र आलं. पहिले काही दिवस रांग लागली. अंगठा लावायचा आणि तसंच मागे वळून फाटकाबाहेर. यंत्राला अंगठा ओळखता येतो. डोकं कुठे आहे ते त्याला कळत नाही, आम्हाला तरी कुठे कळायचं.

मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून लांबवर पवईची झाडी दिसते. तिथे आय.आय.टी. आहे, 1958 साली स्थापन झालेली. माझ्या ओळखीतली निदान तीन मुलं मुलुंड-भांडुपहून राजस्थानातल्या कोट्याला गेली, पवईला पोचता यावं म्हणून. इथून रिक्षाने गेलं तर अर्ध्या तासाच्या आत पवईचं फाटक येतं. त्यातला एक पोचलाही. त्याला मी विचारलं, कसं होतं रे अकरावी-बारावीचं कॉलेज? तो थोडा गोंधळला आणि म्हणाला, ‘काकू, बारावीच्या हॉल तिकिटावर नाव होतं ना त्याचं.’

दुसरा एक वर्ग आहे, त्याच्याबद्दल माझं मत कोणी विचारत नाही, म्हणून इथेच सांगून टाकते. एकांकिकावाली मुलं. ही कॉलेजात सकाळी सातला येतात, रात्री नऊला मामा दिवे घालवतात तेव्हा जातात, आणि मधे वर्गात पाऊल टाकत नाहीत. आय.एन.टी.ची एकांकिका स्पर्धा, युथ फेस्टिव्हल, आणि मग 25 जानेवारीला सवाई एकांकिका स्पर्धेची रात्र. परीक्षेच्या तोंडावर सांस्कृतिक विभागाचं पत्र घेऊन खिडकीशी येतात, डोळे लाल, आवाज बसलेला, ‘मॅडम, प्लीज, ड्यूटी लीव्ह.’ के.टी. यांनाच सगळ्यांत जास्त लागतात. के.टी. म्हणजे ए.टी.के.टी., नापास झालात तरी पुढच्या वर्गात बसा, हा विषय नंतर सोडवा. इतका समजूतदार नियम घरात सासू-सुनांनाही लावायला हवा. तर या मुलांवर प्राध्यापक चिडायचे, पण मला ती आवडायची. ती पोचायची. वर्गात नसतील, पण कॉलेजात असायची. नेपथ्याच्या फळ्या उचलताना, वेळेवर न आलेल्या मुलाची भूमिका ऐनवेळी पाठ करताना, बस भाड्याचा हिशेब माझ्याकडे सादर करताना ती जे शिकत ते कोणत्या पेपरात विचारत नाहीत. त्यांचे हिशेब मात्र कधीच जुळायचे नाहीत. वडापावावर इतका खर्च होतो हे मला कोणी पटवून देऊ शकलं नाही.

भाचीला मी म्हटलं, चल, आपण बघूनच येऊ. भावाला आणि त्याच्या लॅपटॉपला घरी ठेवलं.

मेचा शेवटचा आठवडा होता. कॉलेजं रिकामी. लोक म्हणतात, सुट्टीत काय दिसणार? उलट सुट्टीतच दिसतं. गर्दी असली की सगळीच कॉलेजं जिवंत वाटतात. आम्ही आधी पश्चिम मार्गावरच्या एका चकचकीत ठिकाणी गेलो. खाली काचेचं रिसेप्शन, संगमरवर, भिंतीवर टॉपर मुलांचे आपल्या उंचीएवढे फोटो. भाचीला टॉयलेटला जायचं होतं. मुलींच्या टॉयलेटला कुलूप. किल्ली कोणाकडे? मामांकडे. मामा कुठे? वरच्या मॅडमना विचारा. वरच्या मॅडम म्हणाल्या, सुट्टी आहे ना. आम्ही बाहेर येऊन स्टेशनवर गेलो. लेकीच्या आईबापांना माझं सांगणं आहे, इमारतीपुढचा पुतळा बघण्याआधी मुलींचं टॉयलेट बघा. जिथे मुलगी सहा तास पाणी न पिता बसणार, तिथे ती दुपारनंतर थांबणार नाही. आणि जिथे थांबणार नाही, तिथे नुसतं नाव नोंदवलेलं.

अंधेरीत भवन्सला गेलो. मुन्शींनी 1946 ला काढलेलं, आत इतकी झाडं की फाटकातून शिरून दोनशे पावलांत अंधेरी विसरायला होतं. भाची तिथे बराच वेळ एका बाकावर बसून राहिली. मग जोगेश्वरीला इस्माइल युसूफ. हे भावाच्या तक्त्यात नव्हतंच, म्हणे कट-ऑफ कमी लागते. 1930 चं सरकारी कॉलेज, टेकडीवर. इथे पु. ल. देशपांडे शिकले, असं मी सांगितलं तर भाची म्हणाली, ‘आत्या, त्यांना किती पर्सेंट होते?’ मला माहीत नव्हतं. तिने मोबाइलवर शोधलं, तिथेही नव्हतं. तिला फार नवल वाटलं.

मग पार्ला. तिथल्या एका कॉलेजात, दुपारी साडेतीनला, लायब्ररीत पंखे चालू होते आणि लांब टेबलाशी नऊ मुलं बसली होती. दोघं झोपली होती, पण बसून. काउंटरशी एक शिपाईमामा पुस्तकांना खळ लावत होते. मी जुन्या सवयीने विचारलं, ‘मामा, लायब्ररी कितीला बंद होते?’

‘पाचला.’ मग त्या टेबलाकडे बघून म्हणाले, ‘पण ही उठत नाहीत. साडेपाच म्हणा.’

मी भाचीकडे पाहिलं. ती झोपलेल्या दोघांकडे बघत होती.

येताना गाडीत तिने मला विचारलं, ‘पण आत्या, तिथे गेल्यावर मला काही कळलंच नाही तर?’ भाची सेमी इंग्लिशची. बोलताना शब्द येतात, पण फळ्यावर भराभर लिहिलेलं इंग्रजी बघून पोटात गोळा येतो, असं म्हणाली. मी तिला 1994 च्या मुलाची गोष्ट सांगितली. ती इथे सांगते, मग थांबते.

भांडुपचा मुलगा, महापालिकेच्या शाळेतला, सगळं मराठीतून. सायन्सला आला. पहिल्याच आठवड्यात खिडकीशी येऊन मला विचारलं, ‘मॅडम, बोनाफाइड म्हणजे काय?’ त्याच्या मागे रांग होती, कोणीतरी हसलं. मी म्हटलं, तू या कॉलेजचा खराखुरा विद्यार्थी आहेस असा दाखला. तो म्हणाला, ‘मग मराठीत खरेपणाचा दाखला?’ आणि खिशातून एक चाळीस पानी वही काढून तिथेच उभ्याने लिहून घेतलं. वहीच्या पानाला मधे घडी पाडलेली. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी, देवनागरीतच. त्वरण, ॲक्सिलरेशन. वस्तुमान, मास. मूलद्रव्य, एलिमेंट. संयुग, कंपाउंड. दर दोन-चार दिवसांनी तो काहीतरी विचारायला यायचा. प्रोव्हिजनल म्हणजे? काउंटरसाइन म्हणजे? फिजिक्सचंही विचारायचा, मला कुठलं येतंय! मी म्हटलं, सरांना विचार. म्हणाला, सरांना वर्गात विचारलं की सगळे बघतात. मग कुठे विचारशील? तो म्हणाला, स्टाफरूमच्या बाहेर, चहाच्या वेळी. आणि खरंच तो दिवाळीपर्यंत रोज दहा वाजता स्टाफरूमच्या दाराशी वही घेऊन उभा असायचा. प्राध्यापक चहाचा कप हातात धरूनच सांगायचे. दिवाळीनंतर दिसेनासा झाला. मला वाटलं, गेला, न पोचणाऱ्यांत गेला. मस्टर काढून बघितलं तर रोज हजर. विचारायचं संपलं होतं, एवढंच.

बारावीला त्याला किती मिळाले ते मला आठवत नाही. फार नव्हते बहुतेक. पण 2005 ला, 26 जुलैच्या पावसानंतर, तो पुन्हा आला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि पुढचे दोन महिने आमच्या खिडकीवर डुप्लिकेट कागदांची रांग होती. ट्रंकांत ठेवलेली सर्टिफिकेटं लगदा झाली होती. मी चेहऱ्याने ओळखलं नाही, मिशी आलेली. त्याने डुप्लिकेट एल.सी.चा फॉर्म घेतला, बाजूला जाऊन न थांबता, झरझर इंग्रजीत भरला आणि दिला. एकच ओळ मराठीत होती. ‘रीझन’च्या समोर लिहिलं होतं, ‘जुना भिजला.’

‘हे इंग्रजीत लिही ना रे,’ मी म्हटलं.

‘राहू दे मॅडम,’ तो म्हणाला. ‘खरेपणाचा दाखला आहे.’

तेव्हा ओळखलं.

भाचीने बोरिवली येईपर्यंत काही विचारलं नाही. घरी जाऊन तिने बापाच्या तक्त्यातला ‘रेप्युटेशन’चा रकाना पुसला आणि तिथे ‘लायब्ररी कितीला बंद’ असं लिहिलं. बेचाळीसपैकी छत्तीस घरं रिकामीच राहिली, कारण फोन कोणी उचलत नव्हतं. दहा पसंतीक्रम भरायचे होते. पहिला पसंतीक्रम लागला तर तो घ्यावाच लागतो, हे ऐकून भावाचा जीव वरखाली होत होता. शेवटपर्यंत तो म्हणत होता, पहिल्या नंबरावर एखादं मोठं नाव टाकून बघू, नाहीतरी लागणार नाही. मी म्हटलं, लागणार नाही म्हणून टाकलेलंच लागतं. भावजयीने लॅपटॉप त्याच्याकडून काढून घेतला. भाचीला तिचं पहिलंच लागलं. कुठलं ते सांगायला नको.

आता ती रोज स्लो गाडीने जाते. परवा फोन आला होता, अभ्यासाचं काही बोलली नाही, साडेपाचलाही कोणी उठत नाही म्हणाली.

तुमच्या घरातलंही कोणी यंदा अकरावीला जात असेल, तर बाकी काय सांगणार? कन्सेशनच्या फॉर्मवर जन्मतारीख आधारवर आहे तीच लिहायला सांगा, नाव तिथल्याच स्पेलिंगने. दुसऱ्या वेळी जाताना मागच्या पासची झेरॉक्स बरोबर असू द्या. आणि खिडकी साडेदहाला उघडते म्हणून साडेदहाला जाऊ नका, सव्वादहाला जा. आतल्या बाई तेव्हा चहा पिऊन बसलेल्या असतात, काहीही विचारलं तरी सांगतात.